दीड दिवसाचे कागद

वालीवच्या ज्या कारखान्यात मी हिशेब लिहितो, तिथे प्रेशर कुकरची हँडलं बनतात. चार रुपये साठ पैशांचा स्क्रू कमी भरला, तर तो कोणत्या महिन्यात, कोणत्या पोत्यातून आणि कोणाच्या खिशातून गेला हे मी बसल्या जागेवरून सांगू शकतो. मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती, "हे आमचे मांजरेकर, पैसा सोडत नाहीत," अशी. अशा माणसाला एका बुधवारी डबा खाताना सिप्रियनने चारचौघांत विचारलं, "चंद्रहास, तुझ्या घराच्या कर्जाला व्याज किती रे?"

"असेल आठ-साडेआठ," मी म्हणालो.

"असेल?" सिप्रियनने मासळीचा काटा बाजूला ठेवला. "स्क्रूचा भाव तुला पैशापर्यंत माहिती, आणि घराचं व्याज 'असेल'?"

सिप्रियन आमचा स्टोअरकीपर. वसईत वडिलोपार्जित वाडी, वाडीत घर, घरावर आजोबांपासून एक रुपया कर्ज नाही. ज्याने जन्मात कर्ज घेतलेलं नसतं त्याच्याकडे कर्जाविषयी फार उत्तम सल्ले असतात. त्याने माझ्याच फोनवर माझंच खातं उघडायला लावलं. नऊ पूर्णांक पासष्ट. सव्वीस लाखांचं कर्ज, सात वर्षं हप्ते भरले, आणि शिल्लक एकवीस लाख चाळीस हजार. म्हणजे सात वर्षांत मी बँकेचा संसार चालवला आणि उरल्या पैशांत थोडं कर्ज फेडलं.

"दुसऱ्या बँका आठ पूर्णांक दहाने देतायत," सिप्रियन म्हणाला. "कर्ज उचल आणि तिकडे ठेव."

कर्ज म्हणजे जणू केळीचा घड. पण मी दुपारभर कारखान्याचं काम बाजूला सारून (मालकांनी हे वाचू नये) आकडे मांडले. चोवीस हजार एकशे पंचवीसचा हप्ता बावीस हजार दोनशे सत्तावीसवर येत होता. दरमहा बचत अठराशे अठ्ठ्याण्णव रुपये.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती घरी सांगण्यात. पगार वाढला तर घरी अर्धाच सांगावा आणि बचत होणार असेल तर ती होऊन शिळी होईपर्यंत सांगू नये, हे मला कळत होतं. पण सिप्रियनने चारचौघांत काढलेली अब्रू कुठेतरी भरून काढायची होती. संध्याकाळी चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा घेता घेता मी जाहीर करून टाकलं.

"म्हणजे दोन हजार," जयवंती म्हणाली.

"अठराशे अठ्ठ्याण्णव."

"तेच ते, अहो."

एकशे दोन रुपये तिने जागच्या जागी माझ्या डोळ्यांदेखत घातले. सौभाग्यवतींच्या हिशेबाला ऑडिट नसतं. आठ दिवसांनी कळलं की बाईसाहेबांनी इमारतीतल्या भिशीत दरमहा दोन हजारांनी नाव घातलंय. घरघंटी घ्यायची होती, कारण चक्कीवाला ज्वारीत गहू मिसळतो अशी तिची दहा वर्षांची तक्रार होती. त्याच आठवड्यात आमची कन्या उन्नती जर्मन शिकायच्या क्लासला महिना पंधराशेने बसली. "बाबा, तुम्हीच म्हणालात ना पैसे वाचतायत?" आणि आमचे नाना, म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी गावच्या देवळाच्या नव्या सभामंडपातला एक खांब बोलून टाकला. दरमहा एकोणीसशे, दहा हप्ते, खांबावर नाव.

"नाना, निदान विचारायचं तरी!"

"देवाच्या कामाला विचारतात होय रे, चंद्रा?"

आता वाचकांपासून काय लपवायचं? त्याच सुमारास मीही मागे रेलणारी एक खुर्ची हप्त्यावर नोंदवली होती. साडेअठराशे महिना. दिवसभर लोकांचे हिशेब बघून पाठ जाते आणि कुटुंबप्रमुखाला बसायला एक स्वतःची जागा असावी, असं माझं मत. ते मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. एकूण बेरीज: अठराशे अठ्ठ्याण्णव रुपयांच्या बचतीवर सात हजार दोनशे पन्नासचा बोजा. आणि बचत अजून झालीच नव्हती.

जुन्या बँकेत जाऊन "कर्ज हलवायचंय" म्हणालो, तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला. मी नाही म्हटल्यावर चहा गेला आणि फॉर्म आला. शिलकीचा दाखला सात दिवसांत मिळेल. सात दिवसांनी गेलो तर दाखला देणाऱ्या बाई रजेवर. त्या आल्या तेव्हा त्यांचा प्रिंटर रजेवर. तोवर इमारतीत बातमी पसरली होती आणि जो तो सल्ला देत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून बजावलं, "कर्ज हलवू नका हो, घर हलतं. आमच्या नणंदेचं हललं." नणंदेचं नक्की काय हललं, हे त्यांनी सांगितलं नाही.

सोसायटीचं ना हरकत पत्र हा वेगळाच अध्याय. आमचे सेक्रेटरी जितेंद्र यांना गद्यलेखनाची आवड आहे. त्यांनी पहिल्या पत्रात लिहिलं: 'सदर सदनिकाधारक श्री. मांजरेकर हे मनमिळाऊ व सालस असून त्यांचा कोणालाही उपद्रव नाही.' नव्या बँकेने ते परत केलं. मनमिळाऊपणा चालत नाही, ठरावीक नमुनाच लागतो. दुसऱ्या पत्रात जितेंद्रनी तो नमुना उतरवला, पण त्यातली भाषा सुधारली. तेही परत. तिसऱ्या वेळी नमुना बिनचूक आणि शिक्का उलटा. चौथं पत्र देताना ते म्हणाले, "मांजरेकर साहेब, पहिलं जे होतं ना, ते मनापासून होतं." आणि लिफ्टच्या दुरुस्तीची थकलेली वर्गणी एकवीसशे रुपये माझ्याकडून मनापासून वसूल केली.

शेवटी नव्या बँकेने जुन्या बँकेचे पैसे चुकते केले. नव्या बँकेत आमचं काम बघणारी ज्ञानदा म्हणून मुलगी होती. हुशार, नम्र आणि संगणकाच्या आज्ञेबाहेर न जाणारी. तिने बजावलं, "सर, घराचे मूळ कागद जुन्या बँकेतून घेऊन तीस दिवसांत आमच्याकडे जमा करायचे. नाहीतर दर दोन टक्क्यांनी वाढतो, आपोआप."

म्हणजे दहा पूर्णांक दहा. मी तिथेच मांडून पाहिलं. वाचणं दूरच, आधीच्यापेक्षा पाचशे पासष्ट जास्त भरायचे. वर भिशी, जर्मन, खांब आणि खुर्ची.

कागद जुन्या बँकेच्या कुठल्याशा गोदामात होते. ते शाखेत यायला चोविसावा दिवस उजाडला. वार शनिवार. मी आणि जयवंतीने सह्या करून पिशवी ताब्यात घेतली तेव्हा साडेतीन वाजले होते. ज्ञानदाला फोन केला तर ती म्हणाली, "आज काउंटर बंद झाला सर. सोमवारी अकराला आणा."

स्कूटरवर जयवंतीने ती पिशवी उन्नती तान्ही असताना धरायची तशी धरली होती. नायगावहून येणाऱ्या रस्त्यावरचा एकही खड्डा मी चुकवला नाही, तेव्हा तिने पाठीत गुद्दा घातला. "अहो, जपून! आपलं घर आहे हे."

घरी येताच नानांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि करारनामा मांडीवर घेतला. इथे नानांविषयी सांगायला हवं. रत्नागिरीकडे नोंदणी कार्यालयात त्यांनी बत्तीस वर्षं कारकुनी केली. हजारो लोकांच्या घरांचे दस्त त्यांच्या हातून नोंदवले गेले. स्वतः राहिले सरकारी क्वार्टरमध्ये, निवृत्तीनंतर भाड्याच्या खोलीत. आमच्या कुळात मालकीच्या घराचा पहिला कागद हाच, आणि तो सही झाल्या दिवशीच बँकेत गेला होता. नानांनी तो पाहिलाच नव्हता. ते पहिल्या पानापासून वाचू लागले. त्यांनी ना चहा घेतला, ना बातम्या लावल्या. सतराव्या पानावर माझ्या आणि जयवंतीच्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "नोंदणी स्वच्छ आहे." नानांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी अख्ख्या आयुष्यात ऐकलेली नाही.

"हे असे जमिनीवर नकोत," ते म्हणाले. "सूनबाई, पाट काढ."

पाट माळ्यावर गणपतीच्या सामानात. मी स्टूल शोधतोय तोच बेल वाजली. दारात दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये एक प्रचंड खोकं.

"मांजरेकर? रिक्लायनर."

जयवंतीने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही कोणासाठी?"

माणसाच्या आयुष्यात प्रतिभेचे क्षण थोडेच येतात. "कागदांसाठी," मी म्हणालो.

अशा रीतीने आमच्या घराचे मूळ कागद मागे रेलणाऱ्या खुर्चीवर रेशमी खणावर विराजमान झाले. समोर समई, शेजारी उन्नतीने काढलेली रांगोळी. साखरेचा नैवेद्यही झाला. मी जमिनीवर.

"आजोबा, हे म्हणजे दीड दिवसाचा गणपतीच झाला," उन्नती म्हणाली. "शनिवारी आला, सोमवारी विसर्जन."

आणि खरंच, गणपतीला यावेत तशी माणसं आली. इमारतीत बहुतेकांचे कागद कुठल्या ना कुठल्या बँकेत आहेत. घराचा मूळ कागद दिसतो तरी कसा, हे कोणालाच धड आठवत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू साडी बदलून आल्या. जितेंद्र पेढे घेऊन आले आणि त्यांनी चतुःसीमा खड्या आवाजात वाचून दाखवली. 'पूर्वेस मोकळी जागा' हे शब्द आले तेव्हा सगळ्यांनी खिडकीतून पूर्वेकडे, म्हणजे चौदा मजली टॉवरच्या भिंतीकडे पाहिलं. "भाषा बरी आहे," जितेंद्र म्हणाले, "पण उपद्रवाचा उल्लेख नाही."

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून सिप्रियन आणि त्याची बायको रेजिना आली. हातात सुकेळ्यांचा पुडा. मला वाटलं, आता हा माणूस खुर्चीवरून आठवडाभर हसणार. पण त्याने चप्पल बाहेर काढली आणि पुडा कागदांपुढे ठेवला.

"आमच्याकडे वाडीचे कागद आल्ताराखालच्या, म्हणजे देव्हाऱ्याखालच्या, पेटीत असतात," तो म्हणाला. "बापाने मला पहिल्यांदा हात लावू दिला तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो. तुला तर कोणाला विचारावंही लागलं नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला, आता तू माझ्यासारखा झालास. बिनकर्जाचा मालक. सोमवारी अकरापर्यंत."

"गप्प बसा हो तुम्ही," रेजिनावहिनी म्हणाल्या. "किती छान दिसतोय कागद."

सोमवारी सकाळी निघताना नानांनी कागदांची रीतसर पाठवणी केली. दिवा लावला, माझ्या हातावर दही ठेवलं, ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि करारनाम्याच्या पहिल्या पानावर ठळक टिळा लावला. मी नमस्कार केला. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. मी हिशेबनीस, नाना नोंदणी कारकून आणि जयवंती तर जन्माची चौकस.

ज्ञानदाने पिशवी उघडली आणि पहिलं पान उजेडात धरलं. "सर, हे काय आहे?"

"कुंकू."

"ते बरोबर दस्त क्रमांकावर आहे सर."

मी वाकून पाहिलं. क्रमांकातले शेवटचे तीन आकडे सौभाग्यवती झाले होते. तिने संगणकावर काहीतरी उघडलं. "कागद खराब असेल तर कारण निवडावं लागतं. फाटलेला, भिजलेला, जळालेला, वाळवी लागलेला." तिने वर-खाली शोधलं. "यात कुंकू नाही."

"दुसरं काही नाही का, 'पूजा केलेला' वगैरे?"

"इतर आहे." तिने 'इतर' दाबलं. संगणकाने पाच सेकंद विचार केला आणि आमचं घर वकिलांकडे पाठवलं. वकिलांचं उत्तर तासाभरात आलं: नोंदणी कार्यालयाची प्रमाणित नक्कल आणा, तोवर कागद स्वीकारू नयेत. तो सव्विसावा दिवस होता. शुक्रवारी तीस पूर्ण.

विसर्जनाला नेलेली मूर्ती परत घरी आणल्यावर जसं वाटेल तसं वाटत मी आलो. नाना दारातच उभे होते. पिशवी पाहून त्यांनी विचारलं, "नंबर झाकला?"

मी पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं. ते सरळ आत जाऊन बसले.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं मी लोकांवर खेकसलो. दस्ताला कुंकू लावू नका, नंबर झाकतो. बायकांना रडवलं रे मी त्यापायी. आणि आपल्या पहिल्या कागदाला..." त्या दिवशी ते जेवले नाहीत. जयवंतीने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं.

मंगळवारी सकाळी मी कारखान्यात रजेसाठी फोन लावतोय, तर नाना पांढरा सदरा घालून, कापडी पिशवी घेऊन तयार. "तू हँडलं मोज," ते म्हणाले. "हे माझं खातं आहे." उन्नतीला सोबत घेतलं ते फक्त मोबाइल चालवायला.

पुढचं मी उन्नतीकडून ऐकलं. नोंदणी कार्यालयात खिडकीवरच्या मुलीने "आजोबा, आठ-दहा दिवस लागतील" असं सांगितलं. आजोबांनी विचारलं, "अर्ज क्रमाने शोधता की सूचीने?" तिने कोरा अर्ज पुढे केला. त्यांनी वर्ष, महिना, दस्ताचा प्रकार, दोन्ही बाजूंची नावं मांडणीसह लिहून दिली, क्रमांकातले उरलेले आकडे डागाच्या कडेने ओळखून कंसात टाकले आणि फीचं चलन कोणत्या शीर्षाखाली भरायचं तेही सांगितलं. बुधवारी ते पुन्हा गेले तेव्हा आतून खुर्ची आली. रांगेतल्या दोघांचे चुकलेले अर्ज त्यांनी बसल्या बसल्या दुरुस्त केले. "बाबा, तिकडचे साहेब त्यांना सर म्हणत होते," उन्नती म्हणाली. गुरुवारी तीन वाजता नक्कल हातात होती, शिक्का सुलटा.

त्या संध्याकाळी नाना दोन वेळचं एकदम जेवले. ताटं उचलल्यावर मी वही काढली. आता सांगणं भाग होतं. प्रक्रिया शुल्क, मुद्रांक, वकील, लिफ्ट, नक्कल मिळून खर्च एकोणीस हजार चारशे. म्हणजे पहिले सव्वादहा महिने बचत शून्य. त्यानंतर अठराशे अठ्ठ्याण्णव, आणि त्यावर चौघांचे मिळून सात हजार दोनशे पन्नास.

"चौघांचे?" जयवंतीने विचारलं. "आम्ही तर तिघंच."

सगळ्यांची नजर खुर्चीकडे गेली. तिच्यावर अजून कागदच होते.

"साडेअठराशे," मी कबूल केलं. "पण मी तिच्यात एकदाही बसलेलो नाही. कागदच बसलेत."

मला वाटलं, आता उद्धार होणार. पण जयवंती खणावरच्या पिशवीकडे बघत होती. "अहो, हप्ता कमी केलाच नाही तर? चोवीस हजार एकशे पंचवीसच भरत राहिलो तर काय होईल?"

मी मांडलं. पुन्हा एकदा मांडलं. सात वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे मी इथे फक्त लिहितोय, तोंडाने म्हणणार नाही. "उरलेल्या तेरा वर्षांऐवजी अकरा वर्षं चार महिन्यांत कर्ज संपेल. वीस महिने आधी."

"म्हणजे कागद वीस महिने आधी घरी येतील."

नानांनी बोटांवर हिशेब केला. त्यांना वही लागत नाही. "तेरा वर्षांनी मी एक्क्याण्णवचा," ते म्हणाले. "अकरा वर्षं चार महिन्यांनी एकोणनव्वदचा. नव्वदीच्या आत." मग म्हणाले, "खांबाला म्हणावं, थांब जरा. माझ्या पेन्शनमधून वर्षाला जमेल तितकं देईन. नाव बारीक घाला म्हणतो."

उन्नतीने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी धरली आणि जर्मन स्वतःच्या कमाईवर नेलं. जयवंतीने भिशीतलं नाव काढलं नाही, पण पैसे घालते ते डब्यांच्या ऑर्डरींमधून, आणि ज्वारीत गहू अजून येतो. खुर्ची सात दिवसांच्या आत परत गेली. न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, "वापरली का?" मी म्हणालो, "आमच्याकडे पाहुणे बसले होते."

शुक्रवारी, तिसाव्या दिवशी, आम्ही चौघंही बँकेत गेलो. मूळ कागद, त्यावर कुंकू, सोबत प्रमाणित नक्कल. ज्ञानदाने सगळी पानं मोजली, पाकिटात घातली, पट्टी चिकटवली आणि माझी सही घेतली. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायचा अर्जही दिला. ती म्हणाली, "सर, सगळे हप्ता कमी करून घेतात. काहीतरी घ्यायचं असतं ना लोकांना."

"आम्हालाही घ्यायचंय," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठा लागला असावा, कारण रांगेतल्या तिघांनी मागे वळून पाहिलं. पाहू देत.

पाकीट तिजोरीकडे निघालं तसे नाना काउंटरशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. बोटाला कुंकू नव्हतं, मी आधीच तपासलं होतं. शेजारी जयवंतीने जोडले, मग उन्नतीने.

"लवकर या," जयवंती म्हणाली.

ज्ञानदा गोंधळली. "कोण, मॅडम?"

माणसं साधारणपणे पुढच्या वर्षी लवकर या म्हणतात. पण मी पडलो हिशेबनीस. खोटी तारीख मला सांगवत नाही.

"अकरा वर्षं चार महिन्यांनी," मी खणखणीत आवाजात म्हणालो, "लवकर या."

आणि दारातला रखवालदार, ज्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, सवयीने ओरडला, "मोरया!"